चोवीस पाकळ्यांचं झाकण

मामाच्या लेथला मामी ‘थोरले दीर’ म्हणते. याची कारणं तिनं मला एकदा बटणं निवडता निवडता सांगितली होती. घरातली सगळ्यात उजेडाची जागा त्यांच्याकडे, दिवसभर नुसते बसून असतात, तेलाशिवाय चालत नाही, आणि जरा सरका म्हटलं तर तुझा मामा रागावतो.

“त्यांच्याखालची धूळ काढायला रोज कमरेत वाकते,” ती म्हणाली होती. “याहून वेगळा नमस्कार थोरल्यांना कुठे करतात?”

मामा कातारी. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीखाली त्याचा लेथ आहे. अगदी साधा: दोन लोखंडी रूळ, डाव्या टोकाला मोटरवर फिरणारा दांडा, उजव्या टोकाला लाकूड दाबून धरणारी खिळी. मध्ये लाकूड अडकवायचं, ते गरागरा फिरू लागलं की हातातली पटाशी टेकवायची. खुर्च्यांचे पाय, जिन्यांचे कठडे, हत्यारांच्या मुठी, गल्लीतल्या तमाम पोरांचे भोवरे, सगळं त्यानं असंच काढलं. मग त्याच्या उजव्या मनगटाचा सांधा झिजला. डॉक्टर म्हणाले, लिहा, जेवा, दारं उघडा, पण धक्के बसतात असं काही त्या हातात धरू नका. आणि फिरत्या लाकडावर टेकवलेल्या पटाशीला धक्क्यांखेरीज दुसरं काही बसतच नाही.

तेव्हापासून मामा रोज सकाळी अंघोळ करून पुढच्या खोलीत जायचा, लेथ पुसायचा, तेल घालायचा, रिकामाच फिरवून बघायचा आणि बंद करून चहाला यायचा.

“काय काम झालं?” मामी विचारायची.

“आवाज ऐकला. ठीक आहे त्याचं.”

“चला, दिरांची तब्येत बरी आहे.”

मामी कपडे शिवते. तिचं मशीन आतल्या खोलीत, भरदुपारीही दिवा लावावा लागतो अशा कोपऱ्यात. तक्रार ती करायची नाही. फक्त काळ्या कापडावर काळा दोरा घालायची वेळ आली की ‘दिसत नाही’ असं जरा मोठ्यानं म्हणायची, भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतकं.

माझी पदवीची परीक्षा झाली होती आणि निकाल लागायचा होता, म्हणून मी त्यांच्याकडे येऊन राहिले होते. विषय पदार्थविज्ञान. त्यामुळे मामा मला ‘प्रयोगशाळा’ म्हणून हाक मारायचा. “प्रयोगशाळा, चहा झाला.” “प्रयोगशाळा, जिन्यातला दिवा लागत नाहीये, बघ जरा.”

आणि मग एका दुपारी मामानं मामीची बटणांची डबी पाडली.

डबी काळपट, घट्ट धाग्याच्या लाकडाची, मामीला तिच्या आजीकडून मिळालेली. झाकणावर मधोमध एक गोल आणि त्याभोवती पाकळ्या, अशा कोरलेल्या की झाकण हातात फिरवलं की उजेड एका पाकळीवरून दुसरीवर उडी मारत जायचा. मामाला शर्टाला बटण लावायचं होतं. त्यानं उजव्या हातानं डबी उचलली, मनगटात कळ आली, आणि झाकण फरशीवर पडून त्याचे तीन तुकडे झाले.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मामी काही बोललीच नाही. तुकडे गोळा केले, बटणं गोळा केली, हात झटकले आणि चपला घालून बाहेर गेली. परत आली ती पलीकडच्या गल्लीतल्या फर्निचरवाल्याला शब्द देऊन: रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन ये आणि लेथ घेऊन जा.

“मला न विचारता?” मामा म्हणाला.

“डबी पाडताना तुम्ही मला विचारलं होतं?”

या युक्तिवादात मला दोन ठिकाणी फट दिसत होती, पण मामीचा चेहरा बघून मी त्या फटींत बोट घातलं नाही.

संध्याकाळी मामा उंबऱ्यात बसला होता. मी शेजारी जाऊन बसले.

“तिचं चूक नाही,” तो म्हणाला. “तिला उजेड हवा. आणि तो आता काही कामाचा नाही, हे मलाही कळतं. पण माणसाला सकाळी उठून जायला एक जागा लागते गं. तो गेला की मी उठून जाऊ कुठे? स्वयंपाकघरात? तिथे ही मला उभं करत नाही.” तो हसला, पण डाव्या हातानं उजवं मनगट चोळत राहिला. मग खिशातून झाकणाचे तुकडे काढून माझ्या ओंजळीत ठेवले. “हे बघ. दुपारपासून बघतोय. हे लेथवरच केलंय, कडा अगदी गोल आहे. पण या पाकळ्या कशा काढल्या, मला कळत नाही.”

मी माझं भिंग आणलं. साध्या कातकामावर हत्याराच्या बारीक रेषा असतात, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा, सगळ्या एकाच मध्याभोवती. झाकणाच्या कडेला तशाच होत्या. पाकळ्यांच्या आत मात्र वेगळ्याच होत्या: छोट्या छोट्या कमानी, पाकळीच्या आडव्या, एकीमागे एक.

“मामा, लाकूड फिरत असताना असं होऊच शकत नाही. पाकळी काढताना लाकूड थांबलेलं होतं. हत्यार फिरत होतं.”

मामानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी म्हटलं होतं की भात शिजवताना पातेलं थांबवून चूल फिरवायची.

“लेथवर? थांबलेलं लाकूड? मग त्याला लेथ कशाला म्हणायचं? टेबल म्हण की!”

“एक पाकळी काढायची. मग लाकूड थोडंसं वळवायचं, अडकवायचं, दुसरी काढायची.”

“आणि हत्यार कोण फिरवणार?”

“ते बघू. पण मामा, हत्यार शिकंज्यात घट्ट बसवलेलं असेल. हातात नाही.”

तो मनगट चोळायचा थांबला. नंतर बराच वेळ एकटाच पुटपुटत होता, “थांबलेलं लाकूड म्हणे,” पण त्या पुटपुटण्यात आता शिवी नव्हती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यानं मामीपुढे विषय काढला. नवं झाकण करून देतो म्हणाला.

“कुठल्या हातानं?”

“उजवा लागणारच नाही. ही प्रयोगशाळा म्हणते.”

मामीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मापं घेतात तसं. “बरं. उजवा हात न लावता, या डबीला बसेल असं, असंच झाकण तुम्ही करून दिलंत, तर फर्निचरवाल्याला मी स्वतः परत पाठवीन, त्यालाही तसं सांगून ठेवते. नाही झालं, तर रविवारी दिरांची पाठवणी. आणि रडायचं नाही.”

एवढ्यावर ती थांबली नाही. त्याच दुपारी तिनं मामाच्या कामाच्या एप्रनला पोटावर एक मोठा खिसा शिवला आणि वर झाकणपट्टी लावून बटण बसवलं. उजवा हात आत घालायचा आणि बटण लावायचं. ते काढायचं फक्त जेवताना, तेही तिच्यासमोर.

“कांगारू दिसतोय मी,” मामा म्हणाला.

“कांगारू निदान उड्या मारतं.”

कामाला लागलो. पहिली गोष्ट, हत्यार धरायला हाताऐवजी काहीतरी. कोपऱ्यावरच्या फिटरकडे भोकं पाडायच्या यंत्राचा एक शिकंजा होता, खाली दोन मुठी असलेला: एक फिरवली की शिकंजा डावी-उजवीकडे सरकतो, दुसरी फिरवली की पुढे-मागे. तो आम्ही रुळांवर बोल्टांनी आवळला. खाली प्लायवूडचे तुकडे घालत घालत उंची अशी जमवली की हत्याराचं टोक बरोबर खिळीच्या टोकासमोर येईल. बिघडलेल्या टेबल-पंख्याचा दांडा बेअरिंगांसकट त्या शिकंज्यात बसवला. त्याच्या एका टोकाला छोटी पुली आणि दुसऱ्या टोकाला मामानं डाव्या हातानं, कुरकुरत, घासून दिलेलं गोल नाकाचं पोलादी पातं. आता मूठ फिरवली की पातं लाकडाकडे जात होतं आणि मागे येत होतं. धक्का बसलाच तर शिकंज्याला.

“यात कातारी कुठे राहिला?” मामानं विचारलं. “मूठ तर कुणीही फिरवेल.”

“किती फिरवायची, ते कुणालाही कळणार नाही.”

“हां. बोलायला शिकलीयेस कॉलेजात.”

दुसरी गोष्ट, लाकूड मोजून वळवणं. लेथच्या दांड्याच्या मागच्या टोकाला एक गोल चकती बसवायची, तिच्या कडेवर सारख्या अंतरावर भोकं पाडायची, आणि एक पिन भोकात घालून दांडा अडकवायचा. जुन्या झाकणावर पाकळ्या चोवीस होत्या. मी कंपासमध्ये माप धरलं आणि चकतीभर एकेक पाऊल टाकत चोवीस खुणा केल्या. दिसायला सुंदर. भोकं पाडली, सायकलच्या स्पोकची पिन केली, आणि पंख्याच्या दांड्यावर दोरी गुंडाळून, ती ओढून ओढून, पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडावर नुसत्या खुणेपुरत्या पाकळ्या काढून बघितल्या. तेवीस छान आल्या. चोविसावी अंग चोरून उभी होती.

“हिच्या वाट्याला ताटात काही उरलंच नाही,” मामा म्हणाला.

कारण शोधायला मला वेळ लागला नाही, पण सांगायला लाज वाटली. कंपासच्या मापात मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाची चूक होती. एवढीशी, पण ती प्रत्येक पावलाबरोबर चालत गेली आणि शेवटी सगळी मिळून पाच मिलिमीटरची होऊन एकाच पाकळीच्या अंगावर बसली. एकाच वेळी सगळा घेर वाटून देईल असं काहीतरी हवं होतं. मी खोलीभर बघितलं. मामीच्या गळ्यात टेप होती.

बहात्तर सेंटिमीटर घेराची चकती केली, तर दर तीन सेंटिमीटरला एक भोक. चोवीस. चकती झाकणाच्या तिपटीहून मोठी, म्हणजे तिच्यावर काही चूक राहिलीच तर झाकणावर ती तिसऱ्या हिश्शाहूनही लहान होणार. टेप जुनी झाल्यानं ताणली गेली असली तरी हरकत नव्हती. सगळीकडे सारखी ताणली गेली असली म्हणजे झालं. ते तपासायला मी ती पोलादी पट्टीशेजारी अंथरली.

“मामी, पहिले चाळीस सेंटिमीटर जास्त ताणलेत. पुढे सारखी आहे.”

“काय म्हणायचंय तुला?” मामी मशीनवरून उठलीच. “त्या टेपवर अख्ख्या गल्लीच्या कमरा मोजल्यात मी.”

“म्हणूनच ताणली असेल,” मामा म्हणाला.

“म्हणजे मी आजवर चुकीची मापं घेतली?”

मी विचार केला. “नाही. कापडही याच टेपनं मोजतेस ना? मग दोन्हीकडे सारखीच चूक, ती कटून जाते. कपडे बरोबरच बसणार.”

“मग?” मामी पुन्हा बसली. “पट्टीलाच तपासून घे तुझ्या.”

आम्ही चाळीसपासून एकशेबारापर्यंतचा भाग घेतला. प्लायवूडची चकती लेथवर चढवली, आणि मामानं डाव्या हातात काचकागद धरून तिची कड घासायला सुरुवात केली. फिरत्या लाकडावर कागद नुसता टेकवून धरायचा असतो, त्याला धक्का बसत नाही. थोडं घासायचं, थांबवायचं, टेप गुंडाळायची. एकशेबाराची खूण चाळीसपर्यंत पोहोचत नव्हती. पुन्हा कागद. किती दिवसांनी भुसा उडत होता. मामा शीळ वाजवत होता आणि आपण शीळ वाजवतोय हे त्याला माहीत नव्हतं.

“अजून केसभर,” मी म्हणायचे.

“कुणाच्या केसाभर? तुझ्या की माझ्या?”

शेवटी दोन्ही खुणा एकमेकींवर बसल्या. भोकं पडली. पिन पहिल्या भोकात गेली. मामा लेथसमोर ऐटीत उभा राहिला, डावा हात पुढे केला आणि लेथचं बटण दाबलं. पिननं अडकवलेला दांडा फिरायला गेला, मोटर गुरगुरली, आणि स्पोक वाकून टणकन खिडकीच्या गजावर आपटला.

“मामा! लाकूड थांबलेलं असतं!”

“मी नाही दाबलं,” मामा बटणाकडे बघत म्हणाला. आणि त्याला खरंच तसं वाटत होतं. लेथसमोर उभं राहायचं आणि बटण दाबायचं, यात त्याच्या हातानं त्याला कधी विचारलेलंच नव्हतं. मी दुसरी पिन केली आणि पाकळ्या काढताना लेथचा प्लगच काढून ठेवायचं ठरवलं.

तिसरी गोष्ट, पातं फिरवायला मोटर. दोरी ओढून खऱ्या लाकडावर काम होणार नव्हतं. लहान, हलकी, वेग कमीजास्त करता येईल अशी मोटर हवी होती. तशी घरात एकच होती, आणि ती मामीच्या शिलाई मशीनला दोन स्क्रूंनी लटकलेली होती. मामी भाजी आणायला गेली. एक स्क्रू निघाला होता तेवढ्यात ती दारात.

“काय चाललंय?”

“मोटर बघतोय,” मामा म्हणाला.

“स्क्रू काढून?”

“नीट दिसत नव्हती. तूच म्हणतेस ना, अंधार आहे म्हणून.”

भाजीची पिशवी खाली टेकली. पुढचं काही मिनिटांचं बोलणं मी इथे देत नाही, त्यात माझ्या आईकडच्या बऱ्याच माणसांचा उल्लेख आला. शेवटी मामीच्या अटी ठरल्या. तिला शनिवारी दोन फ्रॉक द्यायचे होते, त्यामुळे मोटर मशीनला सोडून कुठेही जाणार नाही. जायचंच असेल तर मशीनही सोबत जाईल. आणि पायपट्टीवर तिच्याशिवाय कुणाचा पाय पडणार नाही. “दुसऱ्यानं दाबली की तिला खोड लागते,” ती म्हणाली. “चपलेसारखं असतं ते.”

म्हणून शनिवारी सकाळी आम्ही मशीन ढकलत पुढच्या खोलीत आणलं आणि लेथला चिकटून लावलं. मोटर दोघांच्या मध्ये. पट्टा मशीनच्या चाकावर घातला की फ्रॉक, आणि पंख्याच्या पुलीवर घातला की पाकळ्या. आमची जुळवाजुळव होईपर्यंत मामी फ्रॉक शिवत बसली. मध्येच थांबून तिनं कापड खिडकीकडे धरलं. “अगंबाई. टाके दिसतायत की,” ती कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाली.

जुन्या मेजाच्या पायाचं काळं लाकूड आदल्या दिवशीच शिकंज्यात हत्यार धरून गोल करून ठेवलं होतं, आतली खाचही काढली होती. आता ते दांड्यावर चढलं. मी पिनपाशी, मामा मुठीपाशी, मामी मशीनसमोर स्टुलावर.

“पिन!”

“बसली.”

“सोड गं मोटर.”

मामीनं पायपट्टी दाबली. मला वाटलं होतं ती एकदम दाबेल. पण कॉलरचं वळण शिवताना ती जसा पाय देते तसाच तिनं दिला: आधी हळू, पातं लाकडात शिरलं तसा वेग चढवला, कडेशी आल्यावर सोडला. मामाचा डावा हात मूठ फिरवत होता, आवाज जड झाला की थांबत, हलका झाला की पुढे जात. मागे आला. पहिली पाकळी. आतून काचेसारखी गुळगुळीत. मी पिन काढली, एक भोक पुढे, पिन घातली. दुसरी पाकळी पहिलीला येऊन भिडली आणि दोघींच्या मध्ये एक धारदार रेघ उभी राहिली, कुणी न काढलेली.

“अरे वा,” मामा हळूच म्हणाला.

त्यानंतर ‘पिन’, ‘बसली’ आणि ‘हं’ याखेरीज कुणी बोललं नाही. चोविसावी पाकळी पोटभर जेवून पहिलीशेजारी जाऊन बसली. मी लाकूड सोडवून खिडकीत धरलं. उजेड एका रेघेवरून दुसरीवर पळत पूर्ण फेरी मारून आला.

“बरं आहे,” मामी म्हणाली. पगारदार माणसाला बढती मिळते तसं काहीतरी मामाच्या चेहऱ्यावर झालं.

तेवढ्यात फ्रॉकवाली बाई आली, मामी तिच्याशी बोलायला दारात गेली आणि मी झाकण बसतंय का बघायला डबी आणायला आत गेले. डबी फडताळात सगळ्यात मागे होती. परत आले तेव्हा मामा खिडकीपाशी पाठमोरा उभा होता आणि त्याचा डावा खांदा हलत होता. मागे-पुढे, मागे-पुढे.

“मामा, काय करतोयस?”

“काही नाही. शेवटचा हात मारतोय.”

एप्रनच्या पट्ट्यात झाकण दाबून धरलं होतं आणि डाव्या हातात काचकागद होता. जिथे धारदार रेघा होत्या तिथे आता मऊ उंचवटे होते. वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीवर असतात तसे. उजेड त्यावर पडला आणि तिथेच बसून राहिला.

मामी आली. तिनं झाकण बघितलं, मग कागद बघितला. “अहो!”

मामानंही कागदाकडे बघितलं, कुणी दुसऱ्यानंच आणून बोटांत ठेवल्यासारखं. “वस्तू झाली की कागद,” तो म्हणाला. “जन्मभर तेच केलं. ही कागदाशिवायच पुरी झाली होती, हे हाताला कसं कळणार?” तो स्टुलावर बसला. बटण लावलेल्या खिशातल्या हातावर दुसरा हात ठेवला. “जाऊ दे. उद्या नेऊ दे त्याला. माझे हात आता एकही माझ्या कामाचे नाहीत.”

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते, पण मामी आधी बोलली.

“तो संध्याकाळी येणार आहे. संध्याकाळच्या आधी दुपार असते, दुपारच्या आधी सकाळ असते. तुमच्या कॉलेजात शिकवलं असेल ना गं हे? लाकूड आहे का अजून?”

मेजाला पाय चार असतात. लाकूड होतं.

रविवारी कामाला बसण्याआधी मामीनं घरातला झाडून सगळा काचकागद गोळा केला. लेथखालच्या खणातून, खिडकीच्या फटीतून, मामाच्या उशीखालूनसुद्धा. सगळ्याची चळत केली, स्टुलावर ठेवली, वर उशी ठेवली आणि त्यावर बसली. “आता घ्या बघू,” ती म्हणाली.

लाकूड गोल करण्यात आणि खाच जुळवण्यात दुपार गेली. पाकळ्या सुरू झाल्या तेव्हा ऊन खिडकीतून तिरकं आत आलं होतं. आठवी पाकळी चालू असताना फर्निचरवाला दारात उभा राहिला, मागे रस्त्यावर त्याची हातगाडी. थोडा लवकरच आला होता.

“काय वहिनी, न्यायचा ना लेथ? मी जागा करून ठेवलीये. एक कपाट बाहेर काढलं त्यासाठी.”

“थांबा.”

“बोल्ट सोडवायला पाना आणलाय.”

“माझा पाय अडकलाय, दिसत नाही का? बसा तिथे.”

तो बसला. मग उठला. मग एकेक पाऊल पुढे सरकत माझ्या मागे येऊन उभा राहिला. “लाकूड का फिरत नाहीये?” त्यानं कुजबुजत विचारलं.

“पिन!” मामा ओरडला.

“बसली!” मी म्हणाले.

“लाकूड का फिरत नाहीये, भाऊ?” फर्निचरवाल्यानं आता मोठ्यानं विचारलं.

“अहो, ते थांबलेलंच असतं,” मामा त्याच्याकडे न बघता म्हणाला. “एवढं कसं माहीत नाही तुम्हाला?”

चोविसावी पाकळी पुरी झाली. मामीनं पाय उचलला. मी लाकूड सोडवलं, आणि मामाचा डावा हात आपोआप लेथखालच्या खणाकडे गेला. रिकाम्या खणात चाचपडला. थांबला. मामानं तो स्वतःच मागे घेतला आणि पाठीशी धरून ठेवला, चोराला धरतात तसा.

मामीनं डबी पुढे केली. मी झाकण टेकवलं. बसेना. मग अर्धा वळसा दिला तसं ते आपल्या वजनानं, आतली हवा हळूहळू बाहेर ढकलत, खाली उतरलं आणि बसलं. फर्निचरवाल्यानं डबी हातात घेतली, खिडकीत नेली, फिरवली. बराच वेळ फिरवली.

“काम नंबरी आहे,” तो म्हणाला. “पण वहिनी, तुम्हीच मला अट सांगितली होती. यांनी करून दिलं तर. आता मी उभा राहून बघितलं. वेग तुमच्या पायाचा होता. पिन हिची होती. यांनी मूठ फिरवली, कबूल. पण हे यांनी केलं असं कसं म्हणायचं? कपाट बाहेर काढलंय हो मी.”

मी तोंड उघडलं, पण मामानं हात वर केला.

“बरोबर बोलतोय तो,” तो म्हणाला. “मी एकट्यानं नाही केलं. आणि यापुढेही एकट्याला जमणार नाही.” त्यानं लेथच्या रुळावरून हात फिरवला, आणि हात वर घेतला. “पाना आणलाय ना तुम्ही? मागचे बोल्ट आधी सोडवा, पुढचे गंजलेत.”

फर्निचरवाल्यानं पाना बाहेर काढला. मामी अजून स्टुलावरच होती, काचकागदाच्या चळतीवर.

“अट मी घातली होती,” ती म्हणाली, “तेव्हा मला कुठे माहीत होतं की यात माझा पाय लागतो? लागतो म्हटल्यावर अट बदलली. तुम्ही ऐकलंत ना आत्ता काय म्हणाले? एकट्याला जमणार नाही. मग दोघांना जमेल, असाच त्याचा अर्थ. का गं?”

“तर्काच्या दृष्टीनं,” मी म्हणाले, “तसा थेट अर्थ निघत नाही, पण…”

“गप्प बस. निघतो.” ती फर्निचरवाल्याकडे वळली. “न्या लेथ. खुशाल न्या. पण मग मोटर न्यावी लागेल, मोटरला माझं मशीन जोडलेलं आहे, मशीनवर मी बसते, आणि हे माझ्याशिवाय जेवत नाहीत. मावतो का आम्ही सगळे गाडीवर?”

फर्निचरवाल्यानं गाडीकडे बघितलं. खरंच अंदाज घेतल्यासारखं बघितलं. मग पाना खिशात टाकला. “कपाट परत आत ढकलावं लागणार,” तो म्हणाला. “तेही एकट्यानं. मला कुठे अशी माणसं आहेत.” दारापर्यंत जाऊन तो परत आला, अजून एकदा डबी बघितली आणि मगच गेला.

मामा लगेच खोलीत लाकूड शोधू लागला. कोपऱ्यातून त्यानं मेजाचा तिसरा पाय उचलला, उलटासुलटा केला, डाव्या हातानंच तोलला.

“मधल्या गोलात काहीतरी करता येईल,” तो म्हणाला. “आत आणखी एक ओळ. अर्ध्या भोकानं सरकवून.”

“अर्धं भोक नाहीये चकतीवर,” मी म्हणाले.

“मग पाड. टेप आहे ना?”

“टेपला हात लावायचा नाही,” मामी म्हणाली, आणि उजेड जायच्या आत म्हणून तिनं पट्टा स्वतःच पंख्याच्या पुलीवर चढवला. “लवकर चढवा ते लाकूड. मी सोडतेय.”

“अगं, अजून गोल केलेलं नाही!”

“मग आधी करायचं ना!”

“थांब, थांब! प्रयोगशाळा, पिन काढ!”

“कुठली पिन? मी घातलीच नाही!”

“मग दांडा का फिरत नाहीये?”

“प्लग काढलाय, मामा!”